हेल्मेटातील संवाद : एकत्र प्रवास करणाऱ्या मोटारसायकलस्वारांच्या इंटरकॉमचा इतिहास

मोटारसायकल आणि निरोप यांची सांगड फार जुनी आहे. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सैन्याने ज्या तरुणांना त्यांच्या स्वतःच्या मोटारसायकलींसह भरती करून घेतले, त्यांच्याकडे एका ठाण्याचा लेखी हुकूम दुसऱ्या ठाण्यापर्यंत पोहोचवण्याचे काम होते. 'डिस्पॅच रायडर', म्हणजे लष्करी संदेशवाहक स्वार, या नावाने ही माणसे ओळखली गेली आणि त्यांच्या उपयोगी पडलेले 'मॉडेल एच' हे वाहन ट्रायम्फ कंपनीने युद्धकाळात हजारोंच्या संख्येने बनवले. ब्रिटिश अमदानीतील हिंदी सैन्याचे सिग्नल दल आपली स्थापना १५ फेब्रुवारी १९११ची मानते, आणि याच दलातून १९३५ साली मोटारसायकलच्या कसरती करणारे 'डेअर डेव्हिल्स' हे पथक उभे राहिले. तारायंत्र, बिनतारी संच आणि मोटारसायकल ही तिन्ही साधने अशा रीतीने एकाच खात्यात नांदत असूनही, रस्त्यावर मागेपुढे धावणाऱ्या दोन स्वारांना एकमेकांशी एक वाक्य बोलण्याची सोय नव्हती. दुसऱ्याचा निरोप मैलोन्‌मैल वाहून नेणारा स्वार मागच्या सोबत्याला पुढच्या खड्ड्याची सूचना द्यायची झाल्यास पायच बाजूला काढून दाखवत असे. ही अडचण दूर व्हायला जवळजवळ नव्वद वर्षे लागली. आणि ती दूर होताना प्रत्येक टप्प्यावर जे साधन हाती आले, त्याने कोणी कोणाशी बोलावे, किती जणांनी बोलावे आणि गटात कोणाच्या मागे कोणी चालावे हेही ठरवून टाकले. एकत्र प्रवास करणाऱ्यांनी इंटरकॉम निवडणे ही वरवर पाहता प्रत्येकाची स्वतंत्र खरेदी असली, तरी तिचा परिणाम नेहमी साऱ्या गटाने भोगलेला दिसतो.

विलंबाचे पहिले कारण वारा हे होते. कान-नाक-घशाचे ब्रिटिश शल्यचिकित्सक अँड्र्यू मॅककोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात हेल्मेटच्या आत पोहोचणारा आवाज मोजला, तेव्हा ताशी ६० किलोमीटरच्या आसपास तो ९० डेसिबलपर्यंत आणि ताशी १६० किलोमीटरला ११० डेसिबलपर्यंत जातो असे त्यांना आढळले. डेसिबल हे ध्वनीच्या तीव्रतेचे माप असून त्यात १० एककांची वाढ झाली की ध्वनीची शक्ती दसपट होते, हे लक्षात घेतल्यास या आकड्यांचे गांभीर्य कळते. ताशी साधारण ६५ किलोमीटरनंतर इंजिनापेक्षा हेल्मेटच्या कडेवर फुटणारा वाराच जास्त आवाज करतो. त्यामुळे शांत इंजिनाची गाडी घेतल्याने हा प्रश्न सुटत नाही, आणि ओरडून बोलल्याने तर मुळीच नाही.

दुसरे कारण खुद्द हेल्मेट, आणि त्याच्या सक्तीचाही संबंध संदेशवाहक स्वारांशीच आहे. १३ मे १९३५ रोजी टी. ई. लॉरेन्स, म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', आपल्या ब्रफ सुपीरियर मोटारसायकलवरून पडून डोक्याच्या जबर दुखापतीने सहा दिवसांनी मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. त्यांनी पुढे या विषयाचा पिच्छा पुरवला आणि १९४१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींवर निबंध प्रसिद्ध केला. हेल्मेट घातलेले जे स्वार अपघातानंतर त्यांच्या पाहणीत आले, ते अवघे ७ होते, पण त्यांतील एकही दगावला नव्हता. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या संदेशवाहक स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. त्या हेल्मेटचे कवच डोक्याच्या वरच्या भागापुरते असल्याने चेहरा मोकळाच राहत असे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील बेल कंपनीने 'बेल स्टार' हे हनुवटीपर्यंत चेहरा झाकणारे हेल्मेट बाजारात आणल्यावर मात्र स्वाराचे डोके पूर्ण बंदिस्त झाले. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा मोठाच लाभ होता. संभाषणाच्या दृष्टीने त्याने एक दार बंद केले आणि दुसरे उघडले, कारण कानाशी स्पीकर आणि ओठांशी माइक बसवता येईल अशी स्थिर जागा याच बंदिस्त कवचात प्रथम निर्माण झाली.

गोंगाटात बोलण्याचा प्रश्न मोटारसायकलच्या आधी विमानांनी सोडवला होता. १९१७ साली इंग्लंडमधील गॉसपोर्ट येथील उड्डाणशाळेत रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी शिक्षक आणि शिकाऊ वैमानिक यांच्यामध्ये रबरी नळी लावून बोलण्याची पद्धत रूढ केली. 'गॉसपोर्ट ट्यूब' या नावाने ती नंतर अनेक वर्षे वापरात राहिली. विजेचा लवलेश नसलेल्या या साधनात आवाज फक्त वाऱ्यापासून आडोशाला नेला जात असे. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे आणि विमानांमध्ये गळ्याला बांधायचे माइक आले, जे हवेतील आवाज न टिपता कंठाची कंपने टिपत. त्याहून महत्त्वाचा होता अमेरिकेतील इलेक्ट्रो-व्हॉइस कंपनीने बनवलेला 'टी-४५' हा ओठांपाशी बसणारा माइक. त्याच्या पडद्याच्या दोन्ही बाजू हवेला मोकळ्या असत. दुरून येणारा गोंगाट दोन्हीकडून सारख्याच जोराने आदळून परस्परांना रद्द करी, तर अगदी जवळून निघालेला शब्द एका बाजूला अधिक जोराने पोहोचून ऐकू जाई. आजच्या हेल्मेटातील काडीवजा माइकमागे हेच तत्त्व आहे आणि म्हणूनच तो ओठांपासून दोन बोटे दूर सरकला तरी त्याचा उपयोग झपाट्याने कमी होतो. इंटरकॉम खराब असल्याच्या तक्रारींपैकी पुष्कळशा माइकच्या जागेच्या असतात, ही गोष्ट विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात क्वचितच ठळकपणे छापलेली आढळते.

यंत्र नव्हते त्या काळात गटाने प्रवास करणाऱ्यांनी हातांची आणि क्रमाची एक भाषा विकसित केली. सर्वांत पुढे रस्ता जाणणारा 'लीड', सर्वांत मागे कोणी मागे राहिल्यास त्याला सांभाळून आणणारा 'स्वीप', आणि मधल्यांनी एकाआड एक डावी-उजवी बाजू धरून चालायचे, ही रचना अमेरिकेतील क्लबांत रुळली. १९७३ साली स्थापन झालेल्या 'मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशन' या संस्थेने ती अभ्यासक्रमात आणली. या पद्धतीचा पाया असा की सूचना पुढून मागे एकेक जण पुढे सरकवत नेतो, आणि प्रत्येकाची जबाबदारी फक्त आपल्या पुढच्याकडे पाहण्याची व मागच्याला दाखवण्याची असते. उलट दिशेने, म्हणजे मागून पुढे, काही कळवण्याची सोय या भाषेत जवळजवळ नाही. स्वीपला टायर पंक्चर झाल्याचे लीडला कळते ते आरशात मागचा दिवा दिसेनासा झाल्यावर. आवाजाची ओढ लागली ती मुख्यतः या उणिवेपोटी.

ती ओढ पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर भागवली गेली ती अमेरिकेत, आणि तीही मोटारसायकलस्वारांसाठी म्हणून नव्हे. सामान्य नागरिकाला परीक्षा न देता वापरता यावा असा २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील 'सिटिझन्स बँड', संक्षेपाने सीबी, १९५८ साली तेथील दळणवळण आयोगाने खुला केला होता. (मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख कंपने, बिनतारी लहरींचे पट्टे या मापाने ओळखले जातात.) १९७३च्या तेलसंकटानंतर जानेवारी १९७४मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा लागू झाली, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आणि इंधन कोठे आहे व पोलीस कोठे दबा धरून आहेत हे एकमेकांना सांगण्यासाठी ट्रकचालकांनी हा पट्टा अक्षरशः व्यापून टाकला. १९७५ साली आलेले सी. डब्ल्यू. मॅकॉल यांचे 'कॉन्व्हॉय' हे गाणे या लाटेवरच लोकप्रिय झाले. गर्दी इतकी वाढली की १ जानेवारी १९७७पासून २३ ऐवजी ४० चॅनेल द्यावी लागली. ब्रिटनने मात्र बरीच वर्षे बेकायदा वापराकडे कानाडोळा आणि कारवाई यांचा खेळ खेळून अखेर २ नोव्हेंबर १९८१ रोजी सीबीला मान्यता दिली.

लांब पल्ल्याच्या मोटारसायकली याच सुमारास आकाराने वाढत होत्या. होंडाने १९७४ साली सादर केलेली 'गोल्ड विंग' १९८०मध्ये 'इंटरस्टेट' या रूपात वाऱ्याला अडवणारे कवच आणि सामानाच्या पेट्यांसह आली, आणि त्या कवचामागे रेडिओ, सीबी संच आणि मागे बसलेल्याशी बोलण्याचा इंटरकॉम बसवण्याची सोय झाली. हार्ली-डेव्हिडसनच्या १९८९च्या 'अल्ट्रा क्लासिक इलेक्ट्रा ग्लाइड'मध्येही ही दोन्ही यंत्रे कारखान्यातूनच लागून येत. हेल्मेटमधून लोंबणारी वेटोळेदार तार गाडीवरील गोल प्लगात खोचायची आणि हँडलवरचे बटण दाबून बोलायचे, अशी ही पद्धत होती. बटण दाबणारा बोलत असताना बाकी सर्वांनी ऐकायचे असल्याने तिला अर्धद्विदिश संभाषण म्हणतात. दोघांनी एकदम बटण दाबले तर दोघांचेही बोलणे वाया जाई. तार काढायला विसरून गाडीवरून उतरणाऱ्याच्या मानेला बसणारा हिसका हा त्या काळातील स्वारांच्या विनोदाचा कायमचा विषय होता. तरीही या पद्धतीत एक गुण असा होता, जो पुढच्या काळात हरवला : सीबीचा पट्टा सर्वांचा होता. कोणत्याही कंपनीचा संच दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या संचाशी बोलू शके, गटात अनोळखी स्वार सामील झाला तर त्याला फक्त चॅनेलचा क्रमांक सांगावा लागे, आणि तो गट सोडून गेला तरी कोणाचे काही बिघडत नसे. यंत्र कोणते घ्यावे हा प्रश्न तेव्हा खऱ्या अर्थाने एकेकट्याचा होता.

भारतीय स्वारांच्या वाट्याला हा सीबीचा अध्याय आलाच नाही, आणि त्याचे कारण गरिबीपेक्षा कायद्यात अधिक शोधावे लागते. भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम, १९३३ या कायद्यान्वये परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसते बाळगणे हाही गुन्हा होता. ज्या देशात १९८०च्या दशकापर्यंत घरातील रेडिओ ऐकण्यासाठीही टपाल कार्यालयात जाऊन परवान्याच्या पुस्तिकेवर शिक्के मारून घ्यावे लागत, तेथे दुचाकीवर बोलका संच बसवून हिंडण्याची कल्पनाही करणे कठीण होते. सीबीचा पट्टा आणि ब्लूटूथ ज्यावर चालते तो २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा, हे दोन्ही भारतात कमी शक्तीच्या वापरासाठी परवानामुक्त झाले ते २००५ साली. तोवर सीबीची सद्दी अमेरिकेतही संपत आली होती. परिणामी पुणे, मुंबई वा बेंगळुरूहून लडाखकडे निघणारे गट हातवाऱ्यांच्या युगातून थेट ब्लूटूथच्या युगात आले. तारा, वेटोळी आणि प्लग यांचा मधला सारा काळ त्यांनी ओलांडला. या उडीमुळे एक अपेक्षाही जन्मालाच आली नाही : इंटरकॉम म्हणजे सर्वांचा खुला पट्टा, हा अनुभव येथील स्वारांना कधी नव्हताच, त्यामुळे कंपनीकंपनीतील भिंती त्यांना नैसर्गिक वाटल्या.

ब्लूटूथची सुरुवात १९९४ साली स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सन कंपनीत झाली. १९९८मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून त्याचे सामाईक मानक ठरवण्यासाठी संघटना स्थापन केली. हेतू अगदी मर्यादित होता : मोबाइल फोन आणि त्याची जोडयंत्रे यांच्यामधील तार काढून टाकणे. यासाठी निवडलेला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा औद्योगिक, वैज्ञानिक आणि वैद्यकीय उपकरणांसाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर राखून ठेवलेला होता, आणि १९८५ साली अमेरिकेने त्यात विनापरवाना संदेशवहनाला वाट करून दिली होती. मायक्रोवेव्ह भट्ट्यांपासून वायफायपर्यंत सर्वांची गर्दी असलेल्या या पट्ट्यात टिकून राहण्यासाठी ब्लूटूथ ७९ उपपट्ट्यांमधून सेकंदाला १,६०० वेळा उड्या मारत चालते. दोन्ही टोकांना उड्यांचा क्रम ठाऊक असल्याने त्यांची गाठ चुकत नाही. अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना १९४२ साली मिळालेल्या पेटंटात अशीच कल्पना असल्यामुळे ब्लूटूथची जननी म्हणून लमार यांचे नाव घेण्याची प्रथा पडली आहे. कल्पनेचे साम्य खरे असले तरी त्या पेटंटापासून या मानकापर्यंत सरळ वंशावळ काढणे हे उत्साहाचे लक्षण आहे, इतिहासाचे नव्हे.

इस्रायलमधील कार्डो कंपनीने २००४ साली 'स्काला रायडर' या नावाने हेल्मेटासाठी पहिला ब्लूटूथ संच आणला, तेव्हा त्याचे काम मुख्यतः फोनवर बोलण्याचे होते. स्वारापासून स्वारापर्यंत संभाषण त्या दशकाच्या उत्तरार्धात आले, आणि २०१०मध्ये दक्षिण कोरियाच्या सेना कंपनीचा 'एसएमएच१०' हा संच चौघांना बोलण्याची आणि मोकळ्या मैदानात ९०० मीटरपर्यंतच्या पल्ल्याची हमी देऊ लागला. आता दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलता येत होते, म्हणजे संभाषण पूर्णद्विदिश झाले होते. परंतु ब्लूटूथच्या मूळ रचनेत एक यंत्र प्रमुख आणि बाकीची त्याची अनुयायी असतात, आणि आवाजासाठी राखून ठेवता येणाऱ्या जोडण्या एका वेळी तीनच असतात. फोन आणि कानातला संच यांच्यासाठी ते पुरेसे होते, गटासाठी नव्हते. कंपन्यांनी काढलेली तोड म्हणजे साखळी : पहिला दुसऱ्याशी जोडलेला, दुसरा तिसऱ्याशी, तिसरा चौथ्याशी, आणि मधल्या प्रत्येकाचा संच एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूला पुढे ढकलणारा.

या साखळीचा स्वारांच्या वर्तनावर झालेला परिणाम विशेष लक्ष देण्याजोगा आहे, कारण हातवाऱ्यांच्या जुन्या भाषेतील सर्व बंधने तिने नव्या रूपात परत आणली. सकाळी निघताना ज्या क्रमाने संच जोडले त्याच क्रमाने दिवसभर चालणे भाग पडे. तिसऱ्याला दुसऱ्याच्या पुढे जायचे असेल तर त्याला वेगाचा विचार करण्याआधी जोडणीचा विचार करावा लागे. मधल्याच्या संचाची बॅटरी उतरली, तो चहाला थांबला किंवा एखाद्या ट्रकमागे अडकला, की पुढच्या आणि मागच्या दोघांचाही संपर्क तुटे आणि तो पुन्हा जोडण्यासाठी सर्वांना रस्त्याच्या कडेला उभे राहून बटणांच्या ठराविक क्रमाची आवर्तने करावी लागत. ज्याचा संच सर्वांत कमी दर्जाचा, त्याला साखळीच्या टोकाला ठेवणे शहाणपणाचे ठरे; त्यामुळे गाडी चालवण्याच्या कौशल्यावरून ठरणारी जागा काही गटांत खिशावरून ठरू लागली. सर्वांत अनुभवी स्वाराने स्वीप म्हणून मागे राहावे हा जुना संकेत आणि त्याचा संच मध्यभागी असावा ही साखळीची गरज यांचा मेळ बसत नसे.

या कोंडीतून बाहेर पडण्याची वाट मोटारसायकल उद्योगाने शोधलेली नाही. ती लष्करी संशोधनात तीस-चाळीस वर्षे आधीच तयार होती. १९७०च्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवती 'पॅकेट रेडिओ' नावाचा प्रयोग चालवला. त्यात संदेशाचे छोटे तुकडे करून ते एका बिनतारी संचाकडून दुसऱ्याकडे, मिळेल त्या वाटेने, सरकवले जात, आणि संच हलत राहिले तरी जाळे स्वतःच नवी वाट शोधे. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी रस्त्यावरून धावणाऱ्या एका व्हॅनमधून तीन वेगवेगळी जाळी ओलांडून संदेश पाठवण्यात आला, ही घटना इंटरनेटच्या इतिहासात सांगितली जाते; पण चालत्या वाहनांनी आपापसात जाळे विणावे ही त्यामागील कल्पना हेल्मेटाच्या इतिहासालाही तितकीच जवळची आहे. कोणी प्रमुख नाही, कोणी अनुयायी नाही, प्रत्येक संच स्वतः बोलणारा आणि इतरांचे बोलणे पुढे पोहोचवणारा, अशा जाळ्याला 'मेश' म्हणतात. कार्डोने २०१५मध्ये 'पॅकटॉक' या संचात ते आणून पंधरा स्वारांची सोय केली. सेनाने २०१७मध्ये '३० के' या संचातून आपले स्वतंत्र मेश आणले आणि पुढे त्यात कोणालाही विनाजोडणी शिरता येईल असा खुला प्रकारही दिला. स्वार मागेपुढे झाले, एखादा वाटेत थांबला, पुन्हा येऊन मिळाला, तरी जाळे आपोआप सांधले जाते. मेशमध्ये लीड आणि स्वीप यांना प्रथमच थेट बोलता आले, आणि मागून पुढे जाणाऱ्या सूचनेची शंभर वर्षांची उणीव येथे खऱ्या अर्थाने भरून निघाली.

मात्र हे जाळे ज्याने विणले त्याच्याच मालकीचे राहिले. ब्लूटूथ हे सर्वांचे मानक होते, मेश नाही. कार्डोचे जाळे सेनाच्या संचाला ओळखत नाही आणि सेनाचे कार्डोच्या. दोन कंपन्यांचे संच बोलते करायचे झाल्यास जुन्या ब्लूटूथचा आडमार्ग घ्यावा लागतो, ज्यात एक संच दुसऱ्याला आपण मोबाइल फोन आहोत असे भासवतो. पण मग त्या जोडणीपुरते साखळीचे सारे दोष परत येतात, आणि बहुधा त्या संचाच्या खऱ्या फोनची जोडणीही अडते. यामुळे संच निवडताना विचारण्याचा पहिला प्रश्नच बदलला. आवाज किती स्पष्ट, बॅटरी किती तास, पल्ला किती, हे प्रश्न मागे पडून आपल्या सोबत्यांकडे काय आहे हा प्रश्न पुढे आला, आणि ज्याने गटात प्रथम खरेदी केली त्याने पुढच्या दहा जणांची खरेदी नकळत ठरवून टाकली. बेंगळुरूच्या ब्लूआर्मर या भारतीय कंपनीनेही 'राइडग्रिड' नावाचे स्वतःचे मेश बनवले आहे; किमतीच्या दृष्टीने ते येथील स्वारांना जवळचे असले, तरी जाळ्यांच्या संख्येत त्याने आणखी एकाची भर घातली.

पल्ल्याच्या आकड्यांविषयी एवढेच म्हणता येईल की ते खोटे नसतात आणि उपयोगाचेही नसतात. एक किंवा दोन किलोमीटरचा दावा हा मोकळ्या, सपाट जागी, दोन संच एकमेकांना 'दिसत' असताना केलेला असतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी डोंगराला वळसा घालत नाहीत, आणि पाण्याने भरलेले मानवी शरीर व ओला पालापाचोळा त्यांना शोषून घेतो. पावसामुळे पल्ला घटतो असा समज सह्याद्रीत फिरणाऱ्यांमध्ये आढळतो. प्रत्यक्षात पावसाच्या थेंबांचा या पट्ट्यावर नगण्य परिणाम होतो, आडवा येतो तो कडा. वरंधा किंवा ताम्हिणी घाटात पुढचा स्वार वळणाआड गेला की दोनशे मीटर अंतरावरही संपर्क तुटू शकतो, आणि तेथे दावा केलेल्या पल्ल्यापेक्षा मधल्या वळणावर तिसरा स्वार आहे की नाही याला महत्त्व असते. याउलट लडाखच्या उघड्या पठारांवर हेच संच कमाल कामगिरी दाखवतात. आणि तेथेच त्यांची गरजही सर्वाधिक असते, कारण इतर राज्यांतील प्रीपेड सिमकार्ड तेथे चालत नाही आणि पोस्टपेड असले तरी खिंडींमध्ये मोबाइलचे जाळेच नसते.

बोलण्याची सोय झाल्यावर बोलावे का, हा प्रश्न उपस्थित होणे अपरिहार्य होते. यूटा विद्यापीठातील डेव्हिड स्ट्रेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१मध्ये दाखवून दिले की वाहन चालवताना फोन हातात धरला काय किंवा हात मोकळे ठेवून बोलले काय, लक्ष विचलित होण्यात फारसा फरक पडत नाही. मोटारसायकलस्वारांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा आहे त्याच गटाचा २००८चा अभ्यास, ज्यात शेजारी बसलेल्या प्रवाशाशी केलेले संभाषण फोनवरच्या संभाषणाइतके घातक ठरले नाही. प्रवाशालाही रस्ता दिसत असल्याने वाहतूक दाटली की तो आपोआप गप्प होतो किंवा रस्त्याविषयीच बोलू लागतो. हेल्मेटातील गटसंभाषण या दोहोंच्या मध्ये कोठेतरी पडते. बोलणारे सर्व एकाच रस्त्यावर असतात, पण एकाच क्षणी एकाच वळणावर नसतात. लीड सरळ रस्त्याला लागून विनोद सांगतो तेव्हा स्वीप अजून आंधळ्या वळणात असू शकतो. पंधरा जणांचे पूर्णद्विदिश जाळे ही या दृष्टीने तांत्रिक करामत असली तरी सवय म्हणून फारशी शहाणी नव्हे, आणि मोठ्या गटांनी लीड, स्वीप व गटाची व्यवस्था पाहणारा एखादा मार्शल यांच्यापुरते बोलणे राखून ठेवण्याची रीत अधिक योग्य वाटते. कायद्यांनी या बाबतीत साधारणपणे उदार भूमिका घेतली आहे : फ्रान्सने १ जुलै २०१५पासून चालकांना कानात घालायचे इअरफोन वापरण्यास बंदी केली, पण हेल्मेटात बसवलेली यंत्रे त्यातून वगळली, भारतात २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन अधिनियमाचे कलम १८४ हातात धरायच्या यंत्रांबद्दल बोलते.

येथे महाराष्ट्रापुरती एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. ज्या पुण्यात बजाजसारख्या कंपनीचे घर आहे आणि जेथून दर शनिवार-रविवारी स्वारांचे गट घाटांकडे निघतात, त्याच पुण्यात जानेवारी २०१९मध्ये हेल्मेटसक्तीची कडक अंमलबजावणी सुरू होताच तिच्याविरुद्ध मोर्चा निघाला. इंटरकॉमचा प्रसार येथे रोजच्या वापरातून झाला नाही. गोव्यात वागातोरला भरणाऱ्या मेळाव्यांना किंवा हिमालयात जाणारे, स्वखुशीने पूर्ण चेहऱ्याचे हेल्मेट घालणारे आणि त्यावर काही हजार रुपये खर्च करायला तयार असलेले हौशी स्वार हेच त्याचे पहिले ग्राहक ठरले.

अलीकडच्या काळात हेल्मेट आणि इंटरकॉम यांच्यातील सीमारेषाच पुसट होत चालली आहे. पूर्वी संच हेल्मेटच्या बाहेर चिमट्याने किंवा चिकटपट्टीने बसवला जाई. नंतर हेल्मेट बनवणाऱ्या कंपन्यांनी आत स्पीकरसाठी खळगे, तारांसाठी वाटा आणि अस्तराखाली अँटेना आधीच बसवून द्यायला सुरुवात केली, आणि जर्मनीच्या शुबर्थ कंपनीने तर सेनाशी भागीदारी करून आपल्या हेल्मेटात केवळ त्याच जाळ्याचा संच नेमका बसेल अशी रचना केली. युरोपात २०२०च्या दशकाच्या आरंभी लागू झालेल्या 'ईसीई २२.०६' या हेल्मेट मानकाने जोडयंत्रांसह हेल्मेट तपासण्याची तरतूद केली, कारण बाहेर आलेला कठीण भाग अपघातात डोके फिरवणारा जोर वाढवू शकतो. भारतात १ जून २०२१पासून 'आयएस ४१५१' या मानकाची मुद्रा असल्याशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकता येत नाही. अंगभूत संचामुळे वारा कमी अडतो आणि वजनाचा तोल नीट राहतो हे खरे. पण हेल्मेट साधारण पाच वर्षांनी बदलावे असा सल्ला दिला जातो आणि त्यातील लिथियम बॅटरी त्याआधीच थकते, शिवाय हेल्मेट एकदा जोरात आपटले की ते, आत बसवलेल्या सुस्थितीतील संचासह, टाकून द्यावे लागते. सुटा संच मात्र एका हेल्मेटातून काढून दुसऱ्यात घालता येतो, गट बदलला तर विकताही येतो. डोक्याच्या मापाला बसणारे हेल्मेट आधी आणि त्याला जुळणारा सुटा संच नंतर, हा जुन्या स्वारांचा क्रम त्यामुळे अजून कालबाह्य झालेला नाही.